धडा खणखणीत वाचला, पण कळला का?

पुढची चार वाक्यं तिसरीतल्या मुलाला वाचायला द्या. 'सगळे आगटीभोवती बसले. आजोबांनी निखाऱ्यात कणसं खुपसली. थोड्या वेळाने काढून ती तळहातावर चोळली. मीनाने फुंकर मारली आणि चटणीसोबत बोकणा भरला.' मग विचारा, मीनाने काय खाल्लं?

मंगळवेढ्या-बार्शीच्या शिवारात वाढलेलं पोर क्षणात 'हुरडा' म्हणेल. हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. ज्वारीचं नाव नाही, फुंकर कोंडा उडवण्यासाठी मारली हेही लिहिलेलं नाही. चटणी शेंगांची, हे तर सोलापुरात कुणाला सांगावंच लागत नाही. आगटी कधी न पाहिलेलं मूल हाच उतारा एकाही अक्षराला न अडखळता वाचेल आणि बहुधा 'मका' म्हणेल.

अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच तपासलं. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. दोन्ही गटांत खेळाची माहिती असलेली आणि नसलेली मुलं होती. खेळ ठाऊक असलेली कच्ची मुलं, खेळ ठाऊक नसलेल्या हुशार मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे 'आकलन' नावाचं एकच कौशल्य मुलाच्या अंगी येतं आणि ते कुठल्याही धड्याला सारखंच लागू पडतं, असं नाही. ज्या विषयाचं थोडंफार आधीच माहीत असतं, त्या विषयाचं वाचलेलं समजतं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडून शब्द ओळखणं गुणिले कानाने ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्यच.

मराठीत हा गुणाकार फसवा ठरू शकतो. आपली लिपी बऱ्याच अंशी उच्चाराबरहुकूम चालते. बाराखडी आणि जोडाक्षरं बसायला वेळ लागतो खरा, पण एकदा ती बसली की मूल अनोळखी शब्दही धडाधड वाचू लागतं. ऐकणाऱ्या पालकांना वाटतं, झालं, वाचायला आलं. अर्थाचं काय, हे त्या खणखणीत आवाजातून कळत नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात (२०२१) तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, आणि तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ मोजणं अवघड, म्हणून तो मागे पडतो, याची मला खरी काळजी वाटते.

धड्याखालचे प्रश्नही पुष्कळदा मदत करत नाहीत. हे वाक्य पाहा: 'चिमक्याने लोबडी झुपवली.' आता प्रश्न, लोबडी कोणी झुपवली? उत्तर, चिमक्याने. पूर्ण गुण! वाक्याला काहीच अर्थ नसताना उत्तर बरोबर आलं, कारण ते फक्त उचलून लिहायचं होतं. 'कोणी', 'कुठे', 'केव्हा' असे बरेचसे प्रश्न याच जातीचे असतात. 'आजोबांनी कणसं कुठे खुपसली?' यापेक्षा 'मीनाने फुंकर का मारली असेल?' हा प्रश्न कितीतरी मोलाचा आहे, कारण त्यासाठी डोळ्यांपुढे प्रसंग उभा करावा लागतो.

दुसरी अडचण अशी, की आपल्याला समजलेलं नाही हे मुलांना स्वतःला कळत नाही. एलेन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना काही माहितीपर उतारे वाचून दाखवले. एकात म्हटलं होतं, की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि पुढे, की तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. ही विसंगती बऱ्याच मुलांच्या ध्यानातच आली नाही. एकेक वाक्य समजत होतं. दोन वाक्यं एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय नव्हती. यावर घरी करण्यासारखा एक खेळ आहे. गोष्ट वाचताना मध्येच मुद्दाम चूक घुसडायची. भर पावसात आजीने कुरडया वाळत घातल्या, असं वाचायचं आणि पोर टोकतं का ते बघायचं.

सोलापुरात यात आणखी एक पदर आहे. पूर्व भागात माग चालवणाऱ्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड, आणखी कुठे उर्दू. मूल मराठी शाळेत जातं, अक्षरं पटापट शिकतं, पण ती ज्या भाषेची आहेत ती त्याच्या कानावर पुरेशी पडलेली नसते. अशा वेळी पालकांना हमखास सल्ला मिळतो, 'घरी मराठीच बोला.' मला तो पटत नाही. ज्या आईला मराठी जेमतेम येतं, तिने मोडक्यातोडक्या मराठीत मुलाशी दोन वाक्यं बोलण्यापेक्षा तेलुगूत भरभरून गप्पा मारणं चांगलं. कारण काय, परिणाम काय, कोणाच्या मनात काय चाललंय, ही समज एकदा एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत मुख्यतः शब्द शिकायचे उरतात. ते शब्द देणं हे शाळेचं काम, आणि त्यासाठी शिक्षकांनी मुलांशी मराठीत भरपूर बोललं पाहिजे.

आईला लिहिता-वाचता येत नसेल तरी अडत नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. मूल शेजारी बसून वाचतंय, आणि ती विचारतेय, 'मग? तो का रुसला? तू असतास तर काय केलं असतंस?' मुलाला गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी लागते, आणि जिथे कळलेलं नसतं तिथे ते अडतं. मागे जाऊन पुन्हा वाचतं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांच्या पुस्तकातून असेच मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं होतं. महिनाभरातच मुलांच्या बोलण्यात फरक पडला.

मोठ्यांनी वाचून दाखवणं मात्र मूल स्वतः वाचू लागलं की बंद करू नका. लहान वयात कानाला जेवढं समजतं तेवढं डोळ्यांना पेलत नाही, म्हणून वाचून दाखवायचं पुस्तक मुलाच्या वाचनापेक्षा दोन पावलं पुढचं असावं. आणि आज ससा, उद्या रॉकेट असं न करता काही दिवस एकाच विषयावर राहा. उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी येतात. जमलं तर एखाद्या रविवारी दाखवून आणा, मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचा. पहिल्या मजकुरात 'स्थलांतर' हा शब्द अडेल, 'उथळ' आणि 'दलदल' यांवर थांबावं लागेल. तिसऱ्या-चौथ्या मजकुरापर्यंत ते शब्द ओळखीचे झालेले असतील, आणि उजनीचं पाणी चढलं की हे पक्षी कुठे जात असतील, असं मूलच तुम्हाला विचारू लागेल.