वाद घालणारी स्त्री : इस्लामी स्त्रीवादामागचा इतिहास

कुराणातल्या 58व्या सुरेचं, म्हणजे अध्यायाचं, नाव आहे 'अल्-मुजादिला'. म्हणजे वाद घालणारी स्त्री. ही स्त्री मदिनेतली, खौला बिन्त सालबा. तिचा नवरा औस रागाच्या भरात तिला म्हणाला, 'तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस.' इस्लामपूर्व अरबांत एवढं बोललं की बायको नवऱ्याला आईसारखी निषिद्ध व्हायची, पण मोकळीही होत नसे. ना संसार, ना काडीमोड. खौला थेट पैगंबरांकडे गेली. याबाबत आपल्याकडे काही आदेश आलेला नाही, असं ते म्हणाल्याचं परंपरा सांगते. खौला हटली नाही. पोरं लहान आहेत, त्याच्याकडे ठेवली तर हेळसांड होईल, माझ्याकडे राहिली तर उपाशी मरतील, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि अखेर देवाकडेच तक्रार केली. त्यावर जी आयत, म्हणजे कुराणातलं वचन, उतरली तिची सुरुवातच अशी आहे की, आपल्या नवऱ्याबाबत तुमच्याशी वाद घालणाऱ्या स्त्रीचं म्हणणं अल्लाहने ऐकलं आहे. ती प्रथा निषिद्ध ठरली. असं बोलून बसलेल्या नवऱ्याला प्रायश्चित्त लागू झालं : एक गुलाम मुक्त करायचा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसेल तर 60 गरिबांना जेवण.

'इस्लामी स्त्रीवाद' हा शब्द 1990च्या दशकात रूढ झाला. पण धर्माच्या आत उभं राहून धर्माच्याच आधाराने न्याय मागायचा, ही त्यातली मूळ गोष्ट इतकी जुनी आहे. 'हे पश्चिमेकडून आलेलं खूळ' म्हणणाऱ्यांना आणि 'इस्लाममध्ये बाईला वावच नाही' म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या सुरेचं नाव एकदा सावकाश वाचून दाखवावंसं वाटतं.

खौला एकटी नव्हती. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी विचारलं होतं, कुराणात पुरुषांचा उल्लेख येतो, मग आमचा का नाही? 33व्या सुरेतली 35वी आयत त्या प्रश्नाचं उत्तर मानली जाते. श्रद्धाळू पुरुष आणि श्रद्धाळू स्त्रिया, खरं बोलणारे पुरुष आणि खरं बोलणाऱ्या स्त्रिया, अशा दहा जोड्या त्यात एकामागून एक येतात आणि दोघांनाही फळ एकच सांगितलं आहे. पैगंबरांच्याच आणखी एक पत्नी हजरत आयशा तर हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या आठवणी, सांगणाऱ्या पुरुषांच्या चुका तिथल्या तिथे दाखवत. अपशकुन तीन गोष्टींत असतो, घर, स्त्री आणि घोडा, असं पैगंबर म्हणाल्याचं अबू हुरैरा सांगू लागले, तेव्हा आयशांनी त्यांना खोडून काढलं : पैगंबर दुसऱ्यांचं म्हणणं सांगत होते, हे उशिरा आत आले आणि वाक्याचा शेवट तेवढा ऐकला. अशा दुरुस्त्या चौदाव्या शतकात झरकशी नावाच्या विद्वानाने एका स्वतंत्र ग्रंथात गोळा केल्या. तो ग्रंथ पुढे सहाशे वर्षांनी कामाला येणार होता.

शरियत वेगळी, फिकह वेगळा

एवढा मोकळेपणा होता, तर दार अरुंद कसं झालं? हे समजायला दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. शरियत म्हणजे ईश्वराने दाखवलेला मार्ग. फिकह म्हणजे त्या मार्गाचं माणसांना झालेलं आकलन. आठव्या ते दहाव्या शतकांत कूफा, मदिना, बगदाद इथल्या फकीहांनी, म्हणजे फिकहच्या जाणकारांनी, कुराण आणि हदीस यांवरून कायद्याची मोठी इमारत उभी केली. हनफी, मालिकी, शाफई, हंबली, जाफरी हे संप्रदाय त्यातून आले. फकीह विद्वान होते, अनेकजण अत्यंत सचोटीचे होते, पण ते त्यांच्या काळातले पुरुष होते आणि त्यांच्या भोवती गुलामांची खरेदी-विक्री चालत होती. विवाहाची मांडणी त्यांनी देवाणघेवाणीसारखी केली. नवऱ्याने मेहर, म्हणजे लग्नात बायकोला द्यायची रक्कम, आणि नफका, म्हणजे खर्चपाणी, द्यायचा. त्याबदल्यात बायकोने 'तमकीन', म्हणजे शरीराने त्याला उपलब्ध राहणं, पाळायचं. विवाह आणि गुलामाची मालकी यांची तुलना ते सर्रास करत, हे अभ्यासक केसिया अली यांनी 2010 साली त्यांच्याच ग्रंथांतून दाखवून दिलं.

'शरियतला हात लावू नका' असं म्हणून ज्याचं रक्षण केलं जातं, तो बहुतेक वेळा फिकह असतो. इस्लामी स्त्रीवादाचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर तोलला आहे, असं माझं मत आहे.

फिकह कधीच दगडावर कोरलेला नव्हता. याचं सर्वांत चांगलं उदाहरण भारतातलं आहे आणि ते स्त्रीवाद्यांनी घडवलेलंही नाही. हनफी मतानुसार स्त्रीला लग्न मोडून घेणं जवळपास अशक्य होतं. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची 90 वर्षं भरेपर्यंत वाट पाहा, असंही एक मत होतं. मालिकी संप्रदायात हीच मुदत चार वर्षांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही स्त्रिया सुटका करून घेण्यासाठी इस्लामच सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की लग्न आपोआप रद्द मानलं जाई. तेव्हा देवबंदी परंपरेतले अत्यंत सनातनी आलिम, म्हणजे धर्मविद्वान, अशरफ अली थानवी यांनी मालिकी मत उचलून वाट काढली. त्यातूनच 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यात बेपत्ता नवऱ्यासाठी चारच वर्षांची मुदत आहे. गरज पडली तेव्हा उलेमांनी कायदा हलवला. प्रश्न उरतो तो एवढाच की गरज कोणाची धरायची, हे कोण ठरवणार.

कचऱ्याच्या टोपलीतलं हस्तलिखित

देवबंदला शिकलेल्या सय्यद मुमताज अलींनी 'हुकूक-ए-निस्वां', म्हणजे स्त्रियांचे हक्क, हे पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित सर सय्यद अहमद खान यांना दाखवलं. सर सय्यद म्हणजे मुस्लिम समाजातले त्या काळचे सर्वांत मोठे सुधारक. सांगतात की पानं चाळता चाळता ते संतापाने लाल झाले आणि हस्तलिखित फाडून त्यांनी टोपलीत टाकलं. ते जेवायला उठल्यावर मुमताज अलींनी ते तुकडे टोपलीतून उचलले. पुस्तक छापलं गेलं 1898 मध्ये, सर सय्यद वारल्यानंतर. आदम आधी घडवला म्हणून पुरुष श्रेष्ठ, अशा एकेका दाव्याचं त्यात कुराणाच्या आधाराने खंडन आहे. त्याच वर्षी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वां' हे स्त्रियांसाठीचं साप्ताहिक सुरू झालं. त्याच्या संपादक मुमताज अलींच्या पत्नी मुहम्मदी बेगम होत्या.

इजिप्तमध्ये 1899 साली कासिम अमीन यांचं स्त्रियांच्या मुक्तीवरचं पुस्तक गाजलं. पण तिथे एक पाचर बसली होती. पडद्यामुळे मुस्लिम मागासले, असं सांगत फिरणारे ब्रिटिश सत्ताधीश लॉर्ड क्रोमर मायदेशी परतल्यावर स्त्रियांना मताधिकार देऊ नये म्हणून काढलेल्या पुरुषांच्या संघटनेचे संस्थापक सदस्य होते. अभ्यासक लैला अहमद यांनी ही विसंगती 1992 साली ठळकपणे मांडली. स्त्रियांच्या हक्कांची भाषा साम्राज्याच्या तोंडी गेली, त्यामुळे पुढे शंभर वर्षं ती भाषा बोलणाऱ्या मुस्लिम स्त्रीला आधी 'मी परक्यांची हस्तक नाही' हे सिद्ध करावं लागलं. आजही लागतं.

1928 साली लेबनॉनमध्ये जेमतेम विशीतल्या नझीरा झैनुद्दीन यांनी पडद्यावर ग्रंथ लिहिला. स्त्रियांविषयीच्या आयतींचा अर्थ लावण्याचा पहिला हक्क स्त्रियांचा, हे त्यांचं म्हणणं होतं. ट्युनिशियात तेच काम 1930 मध्ये ताहिर हद्दाद यांनी केलं आणि पदवीसह सगळं गमावलं. 1956 साली त्याच देशाने बहुपत्नीत्वावर बंदी घातली.

किराणा दुकानातला प्रश्न

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी एकदा आपल्या नेहमीच्या किराणा दुकानदाराला विचारलं, स्त्री मुसलमानांची नेता होऊ शकते का? दुकानदाराच्या हातातली अंडी पडता पडता राहिली. मागे उभ्या असलेल्या एका शिक्षकाने हदीस ऐकवली : आपला कारभार स्त्रीच्या हाती सोपवणाऱ्यांचं कधी भलं होणार नाही. मर्निसी गप्प झाल्या, घरी आल्या आणि त्यांनी हदीसचे ग्रंथ उघडले.

त्यांनी जे केलं ते हदीसशास्त्राच्या जुन्या नियमांनुसारच होतं. सांगणारा कोण, त्याचं चारित्र्य कसं, त्याने हे कधी सांगितलं? हदीस बुखारींच्या संग्रहातली होती, म्हणजे सर्वांत विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या. सांगणारे अबू बकरा. ती त्यांना आठवली पैगंबरांच्या निधनानंतर सुमारे 25 वर्षांनी, 656 साली, आणि तीही खलिफा अली यांच्याविरुद्धच्या उंटाच्या लढाईत आयशांचा पराभव झाल्यावर. याच अबू बकरांना खलिफा उमर यांच्या काळात खोट्या साक्षीबद्दल फटके बसले होते. मग अशा माणसाची साक्ष स्वीकारायची कशी? या शोधातून आलेल्या मर्निसींच्या 1987च्या ग्रंथावर मोरोक्कोत बंदी आली. झरकशींचा तो आयशांच्या दुरुस्त्यांचा ग्रंथ त्यांनीच पुन्हा चर्चेत आणला.

हदीसकडून कुराणाकडे ही चर्चा नेली ती अमेरिकी विदुषी अमीना वदूद यांनी. 1992 साली मलेशियात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईश्वर एक आहे आणि त्याच्यापुढे सगळे समान, मग एका माणसाला दुसऱ्याच्या वर बसवणं हे ईश्वराची जागा घेण्यासारखं आहे, हा त्यांचा गाभ्याचा विचार. क्वालालंपूरमधल्या 'सिस्टर्स इन इस्लाम' या गटात त्या होत्या. 18 मार्च 2005 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजची इमामत, म्हणजे नेतृत्व, केलं. मशिदींनी जागा नाकारली होती, म्हणून नमाज एका ख्रिस्ती कॅथेड्रलच्या आवारातल्या इमारतीत झाली.

इराणची वाट वेगळी. 1979च्या क्रांतीनंतर स्त्रियांना काहीसं संरक्षण देणारा जुना कुटुंब कायदा काही आठवड्यांतच गुंडाळला गेला. राज्य धर्माच्या नावावर चालू लागलं, तसं धर्माच्या भाषेत उत्तर मागणंही भाग पडलं. 1992 मध्ये शहला शेरकत यांनी 'जनान' मासिक काढलं. त्यात एक मौलवी, मोहसिन सईदजादे, टोपणनावांनी फिकहवर लिहायचे. पुढे त्यांना अटक झाली आणि धर्मगुरूचा झगा काढून घेतला गेला. मासिक 2008 मध्ये बंद पाडलं गेलं.

2009 च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरला 47 देशांतून अडीचशेहून अधिक जण जमले आणि 'मुसावा' (अर्थ : समता) ही चळवळ सुरू झाली. झीबा मीर-हुसैनी, झैना अन्वर यांच्यासह तिने एका शब्दावर वर्षानुवर्षं काम केलं : 'कव्वाम'. चौथ्या सुरेतली 34वी आयत सांगते की पुरुष स्त्रियांचे कव्वाम आहेत, एक कारण म्हणजे ते आपल्या संपत्तीतून खर्च करतात. परंपरेने याचा अर्थ लावला अधिकारी, कारभारी. पण हाच शब्द त्याच सुरेच्या 135व्या आयतीत येतो आणि तिथे सर्व श्रद्धाळूंना सांगितलं आहे की न्यायाचे कव्वाम व्हा, मग साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जाणारी का असेना. तिथे त्याचा अर्थ 'न्यायावर हुकूम गाजवा' असा कोणी लावत नाही.

मोरोक्कोने 2004 मध्ये कुटुंब कायदा बदलला तेव्हा अशा युक्तिवादांचा उपयोग झाला. कुटुंबाची जबाबदारी नवरा-बायको दोघांची झाली, लग्नाचं वय 18 ठरलं, सज्ञान मुलीला लग्नासाठी वलीची, म्हणजे पुरुष पालकाची, सक्ती उरली नाही. न्यायाधीशांना वयाची सवलत देण्याची मुभा मात्र ठेवली आणि ती सढळ हाताने वापरली गेली.

भारतात, न्यायालय आणि कुराण

मराठी वाचकाला 18 एप्रिल 1966 आठवत असेल. हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला होता. पण दलवाईंची वाट धर्मनिरपेक्ष कायद्याची होती. शाहबानो यांना दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी मंजूर झाली आणि 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतरचं राजकारण, 1986चा कायदा हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गदारोळात मुस्लिम स्त्रीचा स्वतःचा आवाज ऐकूच आला नाही. 2007 मध्ये झाकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाज यांनी भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभं केलं आणि म्हटलं, आम्हाला कुराणाने दिलेलंच द्या. त्यांनी स्त्रियांना काझी होण्याचं शिक्षणही दिलं. 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयात 3 विरुद्ध 2 मतांनी रद्द झाला. त्या बहुमतातले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचा आधार राज्यघटनेतली समता हा नव्हता. जे कुराणात वाईट ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही, हा होता. 2019च्या कायद्याने नवऱ्याला तुरुंगाची शिक्षा आली, तेव्हा मात्र मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांत फूट पडली.

आतून विचारलेले प्रश्न

या विचारावर सर्वांत कसदार टीका त्याच्या आतूनच झाली, आणि मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो. 'कव्वाम' शब्द असलेल्या चौथ्या सुरेतल्या त्याच 34व्या आयतीत पुढे पत्नीला मारण्याचा उल्लेख येतो. लाले बख्तियार यांनी 2007च्या भाषांतरात त्या क्रियापदाचा अर्थ 'दूर होणं' असा दिला. अमीना वदूद यांनी वर्षभर आधीच वेगळी भूमिका घेतली होती : शब्दार्थाची कितीही ओढाताण केली तरी या भागाला मी अखेर 'नाही' म्हणते. आयशा हिदायतुल्ला यांनी 2014 मध्ये विचारलं, आपल्याला हवी ती समता त्या मजकुरात खरंच आहे, की आपण ती तिथे शोधतो आहोत? अस्मा बर्लास यांच्यासारख्या विदुषीने तर कुराणाचं समतावादी वाचन करूनही 'स्त्रीवादी' हे बिरुद नाकारलं.

आणि वारसा हक्क जागचा हललेलाच नाही. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, कारण घर चालवण्याची जबाबदारी पुरुषावर, हे त्यामागचं जुनं स्पष्टीकरण. ती जबाबदारी आता अनेक घरांत बाईच उचलते. मोरोक्कोतल्या अस्मा लम्राबेत यांनी हे बोलून दाखवलं आणि 2018 साली धर्मविद्वानांच्या अधिकृत संस्थेतलं पद त्यांना सोडावं लागलं. ट्युनिशियाच्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी समान वाट्याचं विधेयक मंजूर केलं, संसदेत ते पुढे सरकलं नाही. केरळमध्ये तीन मुली असलेल्या एका मुस्लिम वकिलाच्या लक्षात आलं की आपल्या पश्चात मालमत्तेचा एक तृतीयांश भाग मुलींना न मिळता भावांकडे जाईल. 8 मार्च 2023 रोजी तो आपल्याच बायकोबरोबर निबंधकाच्या कार्यालयात गेला आणि विशेष विवाह कायद्याखाली दोघांनी पुन्हा लग्न नोंदवलं. मुली सोबत होत्या.