तुकडीचा शोध: अमेरिकन कम्युनिटी कॉलेजांतल्या जोड-अभ्यासक्रमांची पार्श्वभूमी

आपल्याकडे कॉलेजात प्रवेश घेतला की फीच्या पावतीपाठोपाठ कळते ती तुकडी. एफवायबीए, बी डिव्हिजन. मग वर्षभर तेच साठ-सत्तर चेहरे. इतिहासाला जो शेजारी बसतो तोच इंग्रजीला, तोच अर्थशास्त्राला. बदलतात ते फक्त शिकवणारे. इतिहासाचे सर काय शिकवून गेले याचा इंग्रजीच्या मॅडमना पत्ता नसतो आणि कुणाला त्याचं वावगंही वाटत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजात गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक विद्यार्थी स्वतःचं टाइमटेबल स्वतः जुळवतो. सोमवारी सकाळी मानसशास्त्र, मंगळवारी संध्याकाळी गणित, शनिवारी लेखन. प्रत्येक तासाला वर्ग वेगळा, माणसं वेगळी. चार विषय घेतले तर चार निरनिराळ्या घोळक्यांत बसायचं आणि सत्र संपलं की चारही घोळके पांगणार. म्हणून 'पंचवीस मुलांनी दोन-तीन विषय एकत्र घ्यायचे आणि त्या विषयांच्या शिक्षकांनी आपसात बोलून शिकवायचं' या साध्या गोष्टीला तिथे 'लर्निंग कम्युनिटी' असं भारदस्त नाव आहे, तिच्यावर परिषदा भरतात, संशोधनाला अनुदानं मिळतात. आपल्या वाचकाला पहिला अर्धा भाग ऐकून हसू येईल. दुसरा अर्धा भाग, म्हणजे शिक्षकांनी आपसात बोलणं, तो मात्र आपल्याकडेही दुर्मिळच. (नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओपन इलेक्टिव्हमुळे आपली तुकडीही हल्ली तासातासाला फुटू लागली आहे, तो वेगळा विषय.)

या कल्पनेचं मूळ शोधत मागे गेलं की बहुतेक जण एकाच माणसापाशी येऊन थांबतात: अलेक्झांडर मायकलजॉन. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षपदावरून १९२३ मध्ये पायउतार व्हावं लागलेला हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला मॅडिसनला एक 'एक्सपेरिमेंटल कॉलेज' काढू दिलं. विषय नाहीत, तासिका नाहीत. पहिलं वर्ष पूर्ण प्राचीन अथेन्सचं, दुसरं वर्ष आधुनिक अमेरिकेचं. तत्त्वज्ञान, राजकारण, नाटक, अर्थव्यवस्था सगळं त्या एका नगराच्या निमित्ताने वाचायचं. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावाकडे जाऊन त्या भागाचा अभ्यास करून निबंध लिहायचा. विद्यार्थी आणि शिक्षक तळ्याकाठच्या एकाच वसतिगृहात. शिक्षकांची कार्यालयंही तिथेच. विद्यार्थी सगळे मुलगे. मंदीच्या काळात प्रवेश रोडावले, विद्यापीठातल्या इतर प्राध्यापकांचा रोष होताच, आणि १९३२ मध्ये हे कॉलेज बंद पडलं.

पाच वर्षं. इतक्या अल्पायुषी प्रयोगाचं नाव पुढे नव्वद वर्षं निघत राहावं, हे मला नवलाचं वाटतं. या परंपरेच्या वंशावळीत मायकलजॉनच्या शेजारी दुसरं नाव लावतात ते जॉन ड्युई यांचं, म्हणजे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे तेच ड्युई. मायकलजॉनकडून एकसंध अभ्यासक्रम घेतला, ड्युईंकडून अनुभवातून आणि सहकार्यातून शिकणं घेतलं, असं सांगतात. गंमत अशी की हे दोघे एकमेकांशी सहमत नव्हते. १९४४-४५ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाच्या पानांवर त्यांचा जाहीर वाद झाला. पुढच्या पिढीने दोघांनाही एकाच देव्हाऱ्यात बसवलं.

मायकलजॉनचा विद्यार्थी जोसेफ टसमन याने १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या आवारात तोच धागा पुन्हा उचलला. आदल्याच वर्षी त्या आवारात भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन पेटलं होतं. टसमनचा कार्यक्रम १९६९ पर्यंत चालला. त्याच सुमारास सॅन होजे स्टेटमध्ये मर्विन कॅडवॉलडर यांनी असाच प्रयोग केला आणि तो अनुभव घेऊन ते वॉशिंग्टन राज्यात ओलिंपियाला नव्याने उभ्या राहणाऱ्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात गेले. १९७१ मध्ये एव्हरग्रीन उघडलं तेव्हा जोडलेला अभ्यासक्रम हा तिथे जोडधंदा नव्हता, तोच मुख्य धंदा होता. विद्यार्थ्याने एका सत्रात एकच कार्यक्रम घ्यायचा, त्याचेच सगळे सोळा क्रेडिट (पदवीसाठी मोजायचं अभ्यासाचं एकक), शिकवायला तीन-चार जणांचा चमू, आणि शेवटी गुणांऐवजी शिक्षकाने लिहिलेला सविस्तर अभिप्राय. हे कॉलेज आजही चालू आहे.

इथवरची कथा निवांत मुलांची आहे. दिवसभर वाचायला वेळ असलेली, बहुतेक आवारातच किंवा आसपास राहणारी मुलं. कम्युनिटी कॉलेजचं जग याच्या दुसऱ्या टोकाला.

ही कॉलेजं म्हणजे दोन वर्षांची, स्वस्त, कुणालाही प्रवेश देणारी. पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालं. १९४७ च्या ट्रूमन आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं. साठच्या दशकात ती देशभर भराभर उघडली. आपल्याकडे आयटीआय, कॉमर्स कॉलेज आणि रात्रशाळा एका छपराखाली आणली तर जे होईल तसं काहीसं. इथला विद्यार्थी नोकरी करतो, पोरं सांभाळतो, बसने येतो, तास करतो, बसने जातो. वसतिगृह बहुधा नाहीच. अनेकांना आधी उजळणीचे वर्ग करावे लागतात: वाचन, लेखन, गणित. त्यांची फी भरायची आणि पदवीत क्रेडिट मात्र धरायचे नाहीत. आपल्याकडे एटीकेटी लागली तरी पोरगं पुढच्या वर्गात बसतं. तिथे उंबरठ्यावरच थांबायचं. बरेच जण तिथूनच परत जात.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल उत्तीर्णाला दार उघडलं. पुढच्या वर्षी क्वीन्समध्ये, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. म्हणजे एव्हरग्रीन आणि लाग्वार्डिया एकाच वर्षीची भावंडं. एक जंगलात, एक सेव्हन नंबरच्या मेट्रोच्या खडखडाटाशेजारी. लाग्वार्डियात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कलाशाखेसाठी 'क्लस्टर' सुरू झाले: निबंधलेखन, संशोधनपर लेखन आणि सोबत समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञानासारखे एक-दोन विषय, सगळं एका धाग्यात ओवलेलं. एव्हरग्रीनसारखं सगळे विषय मोडून नवा ढाचा उभारणं इथे परवडण्यासारखं नव्हतं. मग विषय होते तसेच ठेवले आणि फक्त टाइमटेबल बदललं. माझ्या मते या इतिहासातली खरी कल्पक चाल हीच. मायकलजॉनने अभ्यासक्रम बदलला होता. लाग्वार्डियाने वेळापत्रकाचा तक्ता बदलला. तक्ता स्वस्त असतो.

आत काय घडतं ते जरा जवळून पाहू. समजा क्लस्टरचा विषय आहे 'काम'. सोमवारी समाजशास्त्राच्या तासाला श्रमविभागणीचा धडा झाला. त्याच दुपारी लेखनाच्या तासाला निबंध मिळाला: तुमच्या नोकरीचा एक दिवस. कुणी विमानतळावर रात्रपाळीला सामान उतरवतं, कुणी म्हाताऱ्यांच्या घरी सोबत करायला जातं. निबंध आले की दोन्ही शिक्षक ते वाचतात. लेखनाच्या मॅडम वाक्यरचना आणि मांडणी बघतात, समाजशास्त्राचे सर विचारतात, 'तुझ्या सुपरवायझरला तू "बॉस" म्हणतेस, पण त्याच्या डोक्यावर कोण आहे?' आणि आठवड्यातून एकदा जोडतास असतो, दोघेही शिक्षक एकाच खोलीत. तिथे ते विद्यार्थ्यांसमोर एकमेकांशी वाद घालतात. आयुष्यभर शिक्षक म्हणेल ते उत्तर मानलेल्या मुलीला दोन शिक्षक सभ्यपणे असहमत होताना दिसणं, हाच एक धडा असतो.

ऑफिसातली बाजू इतकी काव्यात्म नाही. नोंदणीच्या यंत्रणेत त्या विषयांच्या पंचवीस जागा राखून ठेवायच्या. घेतलेत तर सगळे घ्या, नाहीतर एकही नाही. एखादीची कामाची पाळी बदलली आणि तिला मंगळवारचा तास जमेना, तर सगळी मोळीच सुटते. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर एकाच वेळी तीन शिक्षकांचे वर्ग रद्द. आणि शिक्षकांनी एकत्र बसायचा वेळ कुणाच्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न तर पहिल्या दिवसापासूनचा. कम्युनिटी कॉलेजात निम्म्याहून अधिक शिक्षक तासिका तत्त्वावरचे. तास संपला की ते दुसऱ्या कॉलेजची बस पकडायला धावणार. आपल्या सीएचबी प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको.

याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात पॅट्रिक हिल यांनी आणखी एक युक्ती लढवली. तीन विषय जोडायचे आणि चौथ्याच विषयाच्या एका प्राध्यापकाला शिकवण्यातून मोकळं करून त्या तिन्ही वर्गांत विद्यार्थी म्हणून बसवायचं. त्याने गृहपाठही करायचा. त्याला म्हणत 'मास्टर लर्नर'. प्राध्यापकाला पुन्हा बाकावर बसवलं की त्याचं शिकवणं कसं सुधारतं याच्या आठवणी तिथली मंडळी आवडीने सांगत. महागडी युक्ती, फार पसरली नाही.

कॅलिफोर्नियात वेगळीच वाट निघाली. १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात 'प्वेंते', म्हणजे स्पॅनिशमध्ये पूल, हा उपक्रम सुरू झाला: इंग्रजी लेखनाचे वर्ग, त्यांत मेक्सिकन-अमेरिकन लेखकांचं साहित्य, जोडीला समुपदेशक आणि समाजातलीच एखादी नोकरदार व्यक्ती मार्गदर्शक. इथे जोडणी विषयांपेक्षा घराशी होती. हा उपक्रम पुढे राज्यभरातल्या अनेक कॉलेजांत गेला.

सिएटल सेंट्रल या कम्युनिटी कॉलेजने १९८४ मध्ये एव्हरग्रीनशी शिक्षकांची अदलाबदल केली आणि स्वतःचे संयुक्त अभ्यासक्रम काढले. पुढच्याच वर्षी एव्हरग्रीनमध्ये 'वॉशिंग्टन सेंटर' स्थापन झालं. बार्बरा ली स्मिथ आणि जीन मॅकग्रेगर या दोघींनी तिथून ही पद्धत आधी राज्यात आणि मग देशभर पोचवली. त्यांचं कसब असं की त्यांनी कुठल्याही कॉलेजला 'आमच्यासारखं करा' असं सांगितलं नाही. दोन विषयांच्या जोडीपासून पूर्णवेळ कार्यक्रमापर्यंत जे झेपेल ते घ्या, म्हणाल्या.

मग आला आकड्यांचा काळ. सिरॅक्यूस विद्यापीठाचे व्हिन्सेंट टिंटो विद्यार्थी कॉलेज का सोडतात याचा अभ्यास करत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिएटल सेंट्रल आणि लाग्वार्डियासह तीन ठिकाणी पाहणी केली. त्यांचं निरीक्षण साधं होतं: घरून येऊन-जाऊन करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी माणसं भेटतात ती फक्त वर्गात. कँटीन, खोली, कट्टा यांतलं त्याच्या वाट्याला काही नाही. जे काही नातं जुळायचं ते वर्गातच जुळायला हवं. आणि जोड-अभ्यासक्रमांतली मुलं पुढच्या वर्षी जास्त प्रमाणात परत येत होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी निघालेली कल्पना वसतिगृह नसलेल्यांनाच जास्त लागू पडली ती यामुळे.

शंका अर्थातच निघाली: असे वर्ग घेणारी मुलं मुळातच हुशार, धडपडी असतील तर? तिचा निकाल लावायला ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात, समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या आवारात, २००३ ते २००५ दरम्यान एमडीआरसी या संशोधनसंस्थेने औषधांच्या चाचणीसारखा प्रयोग केला. १,५३४ नवे विद्यार्थी, सोडत काढून दोन गट. एका गटाला तीन जोडलेले वर्ग, जास्तीचं समुपदेशन आणि पुस्तकांसाठी व्हाउचर, दुसऱ्याला नेहमीचं. पहिल्या सत्रात फरक दिसला, मग पुसट झाला, आणि सहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या सुमारे ३६ टक्के विद्यार्थ्यांच्या हातात पदवी होती, दुसऱ्यातल्या सुमारे ३१ टक्क्यांच्या.

उत्साहाने लगेच सहा कॉलेजांत मोठी चाचणी झाली, २००७ पासून पुढे, जवळपास सात हजार विद्यार्थ्यांवर, बॉल्टिमोरपासून ह्यूस्टनपर्यंत. या वेळी भर उजळणीच्या वर्गांवर होता. २०१२ मध्ये सगळे निष्कर्ष एकत्र आले तेव्हा हाती लागलं ते इतकंच: जोडलेल्या विषयात सरासरी अर्ध्या क्रेडिटचा फायदा, कॉलेजात टिकून राहण्यावर काहीच परिणाम नाही. पुष्कळ ठिकाणी 'जोडणी' टाइमटेबलापुरतीच होती. मुलं एकत्र बसत होती, शिक्षक एकत्र बसत नव्हते. म्हणजे तिथे नकळत आपली एफवायबीए, बी डिव्हिजन तयार झाली होती.

त्यानंतर वारं फिरलं. त्याच सिटी युनिव्हर्सिटीत २००७ मध्ये सुरू झालेल्या 'एसॅप' या उपक्रमाने मेट्रोचा पास, फीतला उरलेला भार आणि वारंवार भेटणारा सल्लागार असं पॅकेज दिलं आणि तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. पैसा तिकडे वळला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून उजळणीच्या वर्गांत सरसकट ढकलणं जवळपास थांबवलं; ज्या वर्गांना जोडायचं तेच उरले नाहीत. तरी २०१२ मध्ये मॅनहॅटनच्या मध्यावर उघडलेल्या गटमन कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून ठरलेल्या गटातच बसवायची पद्धत ठेवली आणि न्यूयॉर्क शहर हाच त्यांचा जोडविषय केला. मायकलजॉनच्या अथेन्सची आठवण यावी असं.

आणि एक लहानसं रूप बॉल्टिमोर काउंटीच्या कॉलेजात २००७ मध्ये जन्माला आलं, ते आता देशभर आहे. इंग्रजीच्या नियमित वर्गात उजळणीची गरज असलेले आठ-दहा जण इतरांबरोबरच बसतात. तास संपतो. बाकीचे दप्तर आवरून निघून जातात. हे आठ-दहा जण थोडा वेळ काढून पुन्हा एकत्र जमतात आणि मघाच्याच मॅडम, मघाचाच निबंध घेऊन, विचारतात, 'हं, कुठे अडलं?'