क्रीम चिकट का लागतं? थोडा मागचा इतिहास

मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास असताना कॉस्मेटिकच्या दुकानात बसून बघा एकदा. गिऱ्हाईक येतं, टेस्टरमधलं वाटाण्याएवढं क्रीम मनगटावर घेतं, दोनदा चोळतं, मग अंगठा आणि बोट जुळवून सोडून बघतं आणि लगेच निकाल, "चिकट लागस माले." संपलं. डबीवर कुठलं व्हिटॅमिन लिहिलंय ते कोणी वाचत पण नाही. मला आधी राग यायचा, पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की क्रीमचा सगळा इतिहासच या एका तक्रारीभोवती फिरलाय, कातडीला तेल तर पाहिजे पण हाताला ते कळायला नको.

अगदी सुरुवातीला गेलं तर दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या वैद्याचं नाव घेतात. मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी, एवढंच. हे धड एकजीव व्हायचं नाही, लावलं की पाणी सुटायचं आणि उडून जायचं, जाताना कातडीची गर्मी घेऊन जायचं, आपल्या माठाचंच गणित, म्हणून तर नाव कोल्ड क्रीम. पुढे 19व्या शतकात त्यात टाकणखार (बोरॅक्स) घालायला लागले, मेणातल्या आम्लाशी त्याचा जागेवरच साबण होतो आणि तो तेल-पाण्याला धरून ठेवतो. पण मेण वितळतं साठच्या वर, आणि कातडी असते बत्तीस-तेहेतीसला, त्यामुळे चोळताना ओढल्यासारखं होणारच. खोबरेलाचं उलटं, ते चोवीस-पंचवीसलाच वितळतं, म्हणून धुळ्याला जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागते पण हातावर घेतलं की लगेच पाणी. फील फील म्हणतात त्यातला अर्धा भाग हा वितळण्याचाच खेळ आहे.

व्हॅसलीनची गोष्ट वेगळीच. 1859 मध्ये चेझब्रो नावाचा केमिस्ट पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला, तिथे पंपाच्या दांड्यावर जमणारं मेणचट काळं कामगार कापल्या-भाजल्यावर लावायचे, ते त्याने साफ केलं आणि 1872 ला पेटंट घेतलं. कातडीतलं पाणी अडवायला याच्याइतकं भारी आजपण फार काही नाही. पण ते आत जात नाही, वरच बसून राहतं, उशीला लागतं, धूळ चिकटते. म्हणजे कामाला एक नंबर आणि हाताला नापास!

मग आले स्नो, म्हणजे लावलं की दिसेनासं होणारं पांढरं क्रीम. आपल्याकडे 'स्नो-पावडर' हा शब्दच पडला, आजीच्या फणेरपेटीत एक डबी असायचीच. मुंबईत पाटणवालांनी 1919 मध्ये अफगाण स्नो काढला तो याच जातीचा. यात मुख्य माल स्टिअरिक अ‍ॅसिड, त्यातल्या थोड्याचा अल्कली घालून साबण करायचा, बाकीचं बारीक कणांच्या रूपात राहतं, म्हणून ती मोत्यासारखी चमक. चोळलं की पाणी उडतं आणि मागे कोरडा पातळ थर राहतो, तेच ते 'मुरणं', खरं तर फार काही मुरत नाही, दिसेनासं होतं फक्त.

स्टिअरिक येतं चरबीतून नाहीतर तेलातून, आणि पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची विद्या आपल्याला परकी नाही. 1945 मध्ये अमळनेरला हाशम प्रेमजींनी जी कंपनी काढली, जिची पुढे विप्रो झाली, ती सुरुवातीला वनस्पती तूप आणि 787 नावाचा कपड्याचा साबणच करायची. आयटी वगैरे सगळं नंतरचं. वनस्पती तुपातलं काही खाल्ल्यावर टाळूला थर बसतो ना, तो आणि जड क्रीमचा थर एकाच कुळातले.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 ला, डाऊ कॉर्निंग नावाची कंपनी सुरू झाली ती सिलिकॉनसाठी. याच्या लांब साखळ्या एकमेकींना फारसं धरत नाहीत, म्हणून बोट नुसतं घसरतं, तेल नसून मखमल. त्यातला डी5 नावाचा प्रकार तर लावल्यावर उडूनच जातो, हात कोरडा आणि मऊ, पण पर्यावरणात तो टिकून राहतो म्हणून युरोपने 2020 पासून धुवून टाकायच्या वस्तूंत त्याला 0.1 टक्क्याची मर्यादा घातली.

आणि हल्लीचे जेल. कार्बोमर नावाची पावडर अर्धा टक्का घातली तरी पाण्याचा गोळा होतो, पण मिठाशी तिचं जमत नाही, घामातलं मीठ लागलं की जेल फुटून एकदम पाणी होतं, तोच तो 'थंडगार' फील जो मे महिन्यात हातोहात खपतो. ग्लिसरीन जरा जास्त झालं की परत अंगठा-बोट चिकटलं.

जानेवारीत तेच गिऱ्हाईक येतं, गालाला भेगा, पोटऱ्या पांढऱ्या, आणि जेल परत करत म्हणतं की हे लावल्यासारखंच वाटत नाही. मग मी खालच्या कप्प्यातून ती 1872 वाली डबी काढून देतो.