मुंबईतील स्त्री-वैज्ञानिक आणि मार्गदर्शनाची परंपरा

मुंबईतील प्रयोगशाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि संशोधन संस्थांत नवोदित स्त्रियांना कामात उभे करण्याची आणि टिकवून धरण्याची जी रीत गेल्या शतकभरात घडत गेली, तिची आणि तिच्यातून झालेल्या कामगिरीची ही नोंद. आज या प्रकाराला सर्रास 'मेंटॉरशिप' म्हणतात. संशोधन करणाऱ्या मुलींच्या तोंडी मात्र 'गाईड' आणि 'मॅडम' हेच शब्द असतात आणि त्या दोहोंत फरकही करतात. प्रबंधावर सही लागते ती गाईडची. मूल झाल्यावर लॅबमध्ये परत कधी यायचे, मुलाखतीत लग्नाबद्दल विचारले तर काय सांगायचे, हे विचारले जाते मॅडमना. कधी दोन्ही भूमिका एकच व्यक्ती निभावते, पण तसे क्वचित घडते.

कमला सोहोनी

या परंपरेची सुरुवात एका नकाराने झाली. कमला भागवत (नंतरच्या सोहोनी, १९११–१९९८) यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठातून भौतिकी व रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई मागे हटेनात, तेव्हा वर्षभर काम पाहू आणि मगच प्रवेश पक्का करू, या अटीवर त्यांना घेतले गेले. तिथे त्यांना श्रीनिवासय्या हे शिस्तीचे पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक लाभले. वर्ष संपले, काम पसंत पडले आणि त्यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावरच्या प्रयोगांतून दाखवले. त्या कामावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध चाळीसेक पानांचा होता. आजच्या जाडजूड प्रबंधांच्या जमान्यात हे मुद्दाम सांगण्याजोगे.

मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळच्या आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. विषय नवा, विभागही नवा. कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले. गरिबाच्या ताटात जे पडते तेच प्रयोगशाळेच्या टेबलावर, असा हा कार्यक्रम होता. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र बऱ्याच विलंबाने मिळाले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या संस्थापक स्त्रियांपैकी त्या एक होत्या. घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची, हे त्यांनी गृहिणींना शिकवले. वैज्ञानिक मार्गदर्शनात याचीही गणना व्हायला हवी; पदव्यांच्या यादीत ते दिसत नाही, एवढेच.

परळचे घराणे

गाण्यात जसे घराणे, तसे मुंबईच्या कर्करोग संशोधनातही एक घराणे आहे आणि त्याचे मूळ परळला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली ज्या तयार झाल्या त्यांत कमल रणदिवे आणि सत्यवती सिरसाट यांची नावे ठळक आहेत. सिरसाट यांनी कर्कपेशींच्या अभ्यासासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभी केली.

कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ, १९१७–२००१) मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीविज्ञानावर त्यांनी एम.एस्सी. केले आणि लग्नानंतर मुंबईला आल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. प्रसिद्ध 'हेला' पेशी, म्हणजे शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या मानवी कर्कपेशी, ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या, तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी परळला ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली.

हे काम म्हणजे काय, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवायच्या. तापमान ३७ अंश सेल्सिअस राखायचे, पोषक द्रव ठरल्या वेळी बदलायचा आणि सगळे काम निर्जंतुक हातांनी करायचे. एक बुरशीचा कण शिरला की कित्येक आठवड्यांची मेहनत गढूळ होते. मग लॅबमध्ये कोणीतरी एवढेच म्हणते, "कल्चर गेलं." पेशींना रविवार ठाऊक नसतो, मेगाब्लॉक तर नाहीच नाही. त्यामुळे सुटीच्या दिवशी डोंबिवलीहून वा विरारहून परळ गाठणारी मुलगी कोण, तिच्या घरी तान्हे मूल आहे का, आज तिच्याऐवजी कोण येऊ शकेल, हे प्रश्न प्रयोगाच्याच आखणीत येतात. ज्या मार्गदर्शकाला हे कळते त्याच्याकडे मुली टिकतात.

रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध उंदरांवरील प्रयोगांतून तपासला आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामाकडे वळल्या. परळचे ते केंद्र नंतर खारघरला 'ॲक्ट्रेक' (कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षणाचे केंद्र) या नावाने वाढले. त्याचे संचालकपद पुढे शुभदा चिपळूणकर या प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ स्त्रीकडे आले.

याच परळमध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या एकत्र कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. भारतात शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेला असा हा पहिला जन्म होय. रुग्णालय आणि प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर असणे हीसुद्धा या शहराची एक सोय.

वाशीचे पाळणाघर

१९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना ('इव्सा') स्थापन झाली. कमल रणदिवे तिच्या संस्थापक सदस्य होत्या. व्याख्याने, शिबिरे, विज्ञानप्रसार हे तर कोणतीही संघटना करते. इव्साचे वेगळेपण तिच्या वाशीच्या वास्तूत दिसते. तिथे नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आहे, पाळणाघर आणि बालवाडी आहे, आरोग्य केंद्र आणि ग्रंथालय आहे. वैज्ञानिकांच्या संघटनेने वीट-सिमेंटचा पैसा पाळणाघरात घालावा, हे पाहुण्यांना चमत्कारिक वाटते. ट्रॉम्ब्याहून किंवा परळहून सातला सुटून हार्बरच्या गर्दीत उभ्याने घरी पोचणाऱ्या बाईला तसे वाटणार नाही.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. संघटनेने ही गरज त्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. चर्चगेट ते बोरिवली ही पहिली 'लेडीज स्पेशल' १९९२ मध्ये धावली. तिचा विज्ञानाशी सरळ संबंध नाही हे खरे. पण या शहरात कुणाचे काम चालू राहते आणि कुणाचे सुटते, हे लोकलच्या वेळापत्रकाबाहेर ठरत नाही.

अभियांत्रिकी आणि पूल

तंत्रज्ञानात मार्गदर्शन पुष्कळदा घरातूनच मिळाले. शकुंतला भगत (१९३३–२०१२) यांचे वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले नामवंत अभियंते. शकुंतलाबाईंनी १९५३ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. भारतातील पहिल्या स्त्री स्थापत्य अभियंत्यांत त्यांची गणना होते. आयआयटी मुंबईत त्यांनी अध्यापन केले. पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी सुटे पोलादी भाग जोडून हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल उभारण्याची पद्धत विकसित केली आणि १९७० मध्ये 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी काढली. त्या पद्धतीचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. जड यंत्रे नेता येत नाहीत अशा डोंगराळ जागी ही पद्धत विशेष उपयोगी ठरली. भगत यांचे नाव आजही अभियांत्रिकीच्या वर्गांत फारसे ऐकू येत नाही, हे बरे नाही.

ज्यांच्या घरी अभियंता वडील नाहीत त्यांच्यासाठी संस्था लागतात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९९७ मध्ये जुहूला मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले; ते आता उषा मित्तल संस्था म्हणून ओळखले जाते. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या: पहिल्या वर्षी १४ टक्के मुली घेण्याचे लक्ष्य होते, २०२० पर्यंत ते २० टक्क्यांवर नेले गेले. पवईच्या वसतिगृहांत त्यामुळे मुलींची संख्या डोळ्यांना जाणवण्याइतकी वाढली.

कुलाबा, कलिना, मानखुर्द

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होमी भाभा यांनी १९४९ मध्ये बिभा चौधुरी यांना घेतले. वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या बिभा या संस्थेतील पहिल्या स्त्री संशोधक. गणिती मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी तरुणपणी तिथे काम सुरू केले. मग संसार आणि मुली यांत बरीच वर्षे गेली आणि १९८१ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. पूर्ण केली. बालभारतीच्या गणितात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' असेही म्हणू द्यावे, या सूचनेवरून २०१९ मध्ये त्यांच्यावर बरीच टीका झाली. लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामे जड जातात, एवढाच त्यांचा मुद्दा होता. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) आयआयटी मुंबईत शिकल्या, १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या आणि पुढे बंगळूरला गेल्या. विज्ञानातील स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर जाहीरपणे बोलणे सोडले नाही.

सध्याच्या पिढीत मेंदूविज्ञानात टीआयएफआरचे नाव दोघींनी गाजवले आहे. शुभा टोळे यांना भटनागर पुरस्कार (२०१०) आणि इन्फोसिस पुरस्कार (२०१४) मिळाला. आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अध्यक्षपदीही त्या निवडून आल्या. विदिता वैद्य यांना हेच दोन पुरस्कार अनुक्रमे २०१५ आणि २०२२ मध्ये मिळाले.

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि टीआयएफआर मिळून एम.एस्सी. करणाऱ्या मुलींसाठी 'विज्ञान विदुषी' हा उन्हाळी वर्ग चालवतात. लहान गावांतल्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलींना इथे अवघड गणिते तर भेटतातच. पण समोर फळ्यावर ती सोडवणारी, चुकली तर हसून पुसणारी बाई प्राध्यापक पुष्कळ जणी पहिल्यांदाच पाहतात.

सरकारी योजना आणि गळती

पदवीच्या पातळीवर विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांत देशात मुली सुमारे ४३ टक्के आहेत. संशोधन आणि विकासाच्या प्रत्यक्ष कामात मात्र १ एप्रिल २०१८ रोजी स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते. मधली गळती बहुतेक लग्न, बदली आणि बाळंतपण या तीन ठिकाणी होते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या स्त्री-वैज्ञानिक योजना त्याच ठिकाणी ठिगळ लावतात. खंड पडलेल्या स्त्रीला एखाद्या संस्थेत, तिथल्या वैज्ञानिकाच्या साथीने, स्वतःचा प्रकल्प चालवता येतो. अर्जात बहुतेकींची कसोटी लागते ती विज्ञानात नव्हे, तर संस्थेचे संमतिपत्र मिळवण्यात. टाटा समूहाने २००८ मध्ये सुरू केलेला 'सेकंड करिअर' कार्यक्रम उद्योगक्षेत्रात हेच काम करतो.

याच योजनांचा एक फाटा बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणाचा आहे आणि मुंबईला तो विशेष मानवला. देशातील चार पेटंट कार्यालयांपैकी एक इथे अँटॉप हिलला आहे, आणि औषध कंपन्या व पेटंटचे काम करणाऱ्या वकिली फर्मही इथेच. रसायनशास्त्रात पीएच.डी. करून घरी बसलेली बाई वर्षभर पेटंट शोधायला, वाचायला आणि त्याचा मसुदा लिहायला शिकते, मग पेटंट एजंटची परीक्षा देते. या कामाला लॅब लागत नाही. मूल शाळेत गेल्यावर दहा ते चार बसून पेटंटचे दावे, म्हणजे शोधातला नेमका कोणता भाग आपला ते सांगणारी कलमे, लिहिता येतात: प्रत्येक दावा एक वाक्य, कधी पानभर लांबीचे, आणि त्यात एक स्वल्पविराम चुकला तर समोरचा वकील नेमके त्याच जागी बोट ठेवतो.