इंटेल की एएमडी? आधी कॅबिनेट उघडा

काउंटरवर रोजचा प्रश्न: "अपग्रेड करायचंय, इंटेल घेऊ की एएमडी?" आमचा उलटा प्रश्न: मदरबोर्ड कोणता? जुन्या मशीनमध्ये नुसता प्रोसेसर बदलायचा तर कंपनी निवडणं तुमच्या हातात नसतंच. ते बोर्डाच्या सॉकेटने, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेने, आधीच ठरवलेलं असतं. झाकण काढा, बोर्डावर छापलेल्या मॉडेलचा फोटो काढा आणि तेवढा घेऊन या.

एएमडीचं एएम-४ सॉकेट निघालं तर काम स्वस्तात होतं. २०१७ साली एएमडीचा पहिला रायझन प्रोसेसर ज्या सॉकेटवर आला, त्यावरच २०२२मधला ५८००एक्स३डी बसतो. म्हणजे बोर्ड तोच, डीडीआर-४ रॅम तीच, फक्त रायझन ५ ५६०० घ्यायचा: सहा कोअर, बारा थ्रेड. बोर्ड कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे ना, हे आम्ही बघून देतो. बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करायचा, नाहीतर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

इंटेलवाल्यांनी ११५१ सॉकेटपासून सावध राहावं. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर खटकन बसतो, पण चालू होत नाही. सेकंडहँड आय-५ घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना आम्ही चहा पाजून परत पाठवलंय. १७०० सॉकेटवर मात्र बारावी, तेरावी, चौदावी अशा तिन्ही पिढ्या चालतात.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या नंबरपुढे 'एफ' असेल तर डिस्प्ले येणार नाही. रायझन ५६००चंही तेच. टॅली आणि ऑफिसच्या कामाला ५६००जी घ्या.

घरी स्वतः प्रोसेसर काढणार असाल तर एक विनंती. एएम-४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामधली पेस्ट वाळलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एक काका कापसात गुंडाळलेला प्रोसेसर औषधाच्या डबीतून घेऊन आले होते. कोपऱ्यातल्या सात पिना आडव्या झालेल्या. भिंग लावून, ब्लेडच्या पात्याने एकेक उभी करण्यात आमची दुपार गेली. चालला, पण दर वेळी चालेलच असं नाही.

सगळंच नवं घ्यायचं असेल तर आमचा कल एएमडीच्या एएम-५ सॉकेटकडे. २०२७पर्यंत तरी हे सॉकेट चालू ठेवू, असं एएमडीने सांगितलंय. मात्र त्याला डीडीआर-५ रॅमच लागते, इंटेलच्या १८५१ सॉकेटलाही. जुनी रॅम वापरायचीच असेल तर डीडीआर-४वाला १७०० बोर्ड बघू. त्यात तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर घेतलात, तर २०२४मध्ये गाजलेल्या व्होल्टेजच्या दोषावरचा बायोस टाकल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. अशा मशीनवर खर्च करण्याआधी एकदा आम्हाला विचारा.