मॉडेम की राउटर: पीएसफाइव्हसाठी पैसे नेमके कुठे घालायचे

पीएसफाइव्ह गेम कन्सोल आहे, टीव्ही चांगला आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि तरी मॅचमध्ये समोरचा गडी गोळी खाऊन पडायचा सोडून भिंतीतून सरकून राहिला, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, "मॉडेम बदल भो". मग पोरगं युट्यूबवर बसतं, तिथे अमेरिकेतले लोक सांगत असतात की डॉक्सिस ३.१ वाला (डॉक्सिस म्हणजे केबल वायरीतून नेट पाठवायचं मानक) केबल मॉडेम घ्या, अमुक चिपवाला घेऊ नका, आणि हा जळगावच्या गोलाणी मार्केटात जाऊन तोच मॉडेम मागतो. मिळत नाही ते बरंच आहे, कारण मिळाला असता तरी घरी आणून तो जोडणार कशाला?

तर आधी दोन्ही डबे वेगळे करून घेऊ. मॉडेमचा संबंध फक्त लाइनशी. खांबावरून जी वायर घरात येते तिच्यातला सिग्नल घ्यायचा आणि साध्या लॅन वायरीत चालेल असा करून द्यायचा, बस. घरात किती मोबाइल आहेत, गेम कुठल्या खोलीत आहे, बहीण वेबसिरीज बघतेय का, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. राउटरचा संबंध घराशी. कंपनीकडून आलेला एकच आयपी पत्ता घरातल्या सगळ्यांमध्ये चालवणं (याला नॅट म्हणतात), कोणाचा डेटा कोणाला द्यायचा ते लक्षात ठेवणं, वायफाय पसरवणं, कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला थांबवायचं ते ठरवणं, हे सगळं राउटरचं काम.

म्हणून मॉडेमच्या बाबतीत कुठला भारी हे विचारून उपयोग नाही, माझ्या लाइनीला कुठला बसतो तेवढंच विचारायचं. अमेरिकेत कॉमकास्ट, कॉक्स वगैरे केबल कंपन्यांचं नेट बऱ्याच घरी टीव्हीच्या जाड गोल वायरीतूनच येतं, तिथे कंपनीची मंजूर मॉडेमची यादी असते, त्यातला विकत घ्यायचा, त्याचा मॅक पत्ता (डब्याचा ओळख नंबर) कंपनीकडे नोंदवायचा आणि भाड्याचा मॉडेम परत करायचा. डॉक्सिस ३.० हे २००६ चं, ३.१ हे २०१३ चं, जुन्या मॉडेमवर नवा प्लॅन पूर्ण चालत नाही म्हणून ते लोक नंबर बघून घेतात. चिपची भानगड पण खरी आहे, २०१६ च्या शेवटी तिकडे लक्षात आलं की इंटेलच्या प्युमा ६ चिपवाल्या मॉडेममध्ये पिंग (सर्वरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) मधूनच उसळी मारतो, स्पीड टेस्ट एकदम छान आणि गेममध्ये झटके, तेव्हापासून गेमवाले ब्रॉडकॉमची चिप शोधून घ्यायला लागले. पण हे सगळं तांब्याच्या केबल लाइनीचं.

खान्देशात आता बघावं तिथे फायबर आहे. केबलवाला टीव्हीची काळी वायर पण देतो आणि नेट पण देतो म्हणून दोन्ही एकाच वायरीतून येतात असं लोकांना वाटतं, पण नीट बघा, नेटची वायर वेगळी, बारीक, आत काचेचा धागा आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी पिन. ती ज्या डबीत घुसते ती ओएनयू किंवा ओएनटी, मॉडेमची जागा तिने घेतली. (हिरवी पिन निळ्या सॉकेटात घुसते, पण घुसवू नका, हिरवीचं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, सिग्नल कमी होतो आणि मग पिंगपेक्षा मोठी पंचाईत.)

ही डबी स्वतःची विकत घ्यायची असेल तर दोन गोष्टी जुळायला लागतात. लाइन जीपॉन आहे का ईपॉन (फायबर घरोघरी वाटण्याच्या दोन पद्धती) ते बघावं लागतं, जीपॉनमध्ये खाली येताना अडीच आणि वर जाताना सव्वा गिगाबिटची वाट असते, ईपॉनमध्ये दोन्हीकडे सव्वा, आणि ही वाट गल्लीतल्या बाकीच्या घरांसोबत वाटून घेतलेली असते. एकाची डबी दुसऱ्यावर चालत नाही, एक्सपॉन लिहिलेली असेल तर दोन्हीवर चालते, सायरोटेक, नेटलिंक अशा कंपन्यांच्या तसल्या डब्या लोकल केबलवाले सर्रास लावतात. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीकडच्या मोठ्या मशीनवर तुमच्या डबीचा सिरीयल नंबर किंवा मॅक पत्ता चढवलेला असतो, न विचारता दुसरी लावली तर पॉनचा दिवा नुसता लुकलुकत बसतो. त्यामुळे भुसावळ असो का नंदुरबार, ही डबी कंपनी देते ती घ्या आणि गप्प बसा असं माझं मत, गेमिंग ओएनयू म्हणून कोणी काही विकत असेल तर पुढे चला. बीएसएनएलची जुनी टेलिफोनची तांब्याची जोडी अजून कोणाकडे असेल तर त्याला एडीएसएलचा मॉडेम लागतो, पण तिथे मॉडेम बदलण्यापेक्षा लाइनच बदला.

आता खरा घोळ. कंपनी जो पांढरा डबा देते त्यात ओएनयू पण असते, राउटर पण असतो आणि वायफाय पण, म्हणजे मॉडेम का राउटर हा वाद एकाच खोक्यात मिटवलेला. मग आपण बाजारातून चांगला राउटर आणतो, त्या डब्याच्या लॅन पोर्टातून वायर काढून नव्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन लागते त्यात) घालतो, नेट चालू होतं, सगळे खुश. पण आता घरात दोन राउटर झाले, दोघंही आपापलं नॅट करतायत, बाहेरून मित्राचा कन्सोल तुमच्या कन्सोलला शोधत आला की पहिल्या दारात थांबतो. याला डबल नॅट म्हणतात. पीएसफाइव्हच्या सेटिंगमध्ये इंटरनेट टेस्ट केली की नॅट टाइप दिसतो, टाइप २ असेल तर काळजी नाही, टाइप ३ आला की पार्टीत आवाज न येणं, लॉबी न भरणं, मित्राच्या गेममध्ये जाता न येणं हे सुरू. एक्सबॉक्सवर हेच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट म्हणून दिसतं.

यावर उपाय दोन. एक, कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगायचं, म्हणजे तो नुसता मॉडेम राहतो आणि लॉगिनचं युजरनेम पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरायचं. लोकल केबलवाला बहुतेक वेळा करून देतो, फक्त नॅट टाइप वगैरे सांगायला गेलं की लाइनमन म्हणतो, "नेट चालस ना भो, मंग काय तरास शे?" त्याला नॅट सांगू नका, ब्रिज करून दे एवढंच सांगा. काही कंपन्या ब्रिज देतच नाहीत, तिथे दुसरा उपाय, तुमचा नवा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय आणि लॅन पोर्टं देतो, मग नॅट एकच राहतं, पण नव्या राउटरची हुशारी बरीचशी वाया जाते, हेही खरं.

ब्रिज केलं, राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागेल ती वाट आपोआप उघडायची सोय) चालू केलं, एक्सबॉक्ससाठी ३०७४ पोर्ट पण उघडलं आणि तरी नॅट स्ट्रिक्ट. मग राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा आणि गुगलवर माझा आयपी काय ते बघा, दोन्ही वेगळे असतील आणि वॅनवाला १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने तरी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. कंपनीकडे आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून एका पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइकं बसवलेली असतात, १००.६४ चा हा पट्टा २०१२ पासून खास त्यासाठीच राखून ठेवलाय. इथे मॉडेम बदलून काही होत नाही आणि वीस हजाराचा गेमिंग राउटर आणूनही काही होत नाही, कारण ते नॅट तुमच्या घरात नाहीच. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुमच्या एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागायचा, महिन्याला किंवा वर्षाला थोडे जास्त पैसे लागतात, पण टाइप ३ वर डोकं आपटणाऱ्याने राउटरच्या आधी इथे पैसे घालावेत.

पिंगचं पण जरा समजून घ्या. काचेच्या धाग्यातून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर धरलं तर जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंदच, बाकीचं वाढतं ते मधल्या मशीनांमध्ये आणि वळसे घेण्यात. सर्वर सिंगापूरला असेल तर मुंबईपासून पुढे जवळपास चार हजार किलोमीटर, म्हणजे ४० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. ते कुठलाच डबा कमी करू शकत नाही, खोक्यावर कितीही लाल ड्रॅगन छापलेला असो.

राउटरने कमी होतो तो घरातला उशीर, आणि तो खूप असू शकतो. गेम खेळताना डेटा फार कमी लागतो, एक एमबीपीएसच्या आतबाहेर, पण त्याच वेळी कोणी लग्नाचा व्हिडिओ अपलोडला टाकला की वर जाणारी वाट भरते आणि गेमची एवढीशी पाकिटं त्याच्या मागे अडकतात, भुसावळ यार्डाबाहेर मालगाडीमागे पॅसेंजर उभी राहते तशी. स्पीड टेस्ट चालू असतानाच पिंग किती होतो ते बघा, २० चा २०० झाला तर रोग हाच. यासाठी राउटरमध्ये एसक्यूएम किंवा निदान बरं क्यूओएस (डेटाची रांग लावून कोणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सोयी) पाहिजे, आणि त्यात प्लॅनच्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा टाकायचा, १०० चा प्लॅन असेल तर ९० वगैरे, म्हणजे रांग तुमच्या राउटरच्या हातात राहते. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकता येईल असा राउटर मिळाला तर उत्तमच.

विकत घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघून फसायचं नाही. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६, दोघांवर एसी१२०० (वायफायच्या वेगाचा आकडा) लिहिलेलं, पण सी५० ची लॅन पोर्टं १०० एमबीपीएसची आणि सी६ ची गिगाबिट. प्लॅन २०० चा घेऊन सी५० ला वायर लावली तर कन्सोलला ९४-९५ च्या वर काही मिळणार नाही. कंपनीच्या डब्यातही हीच गंमत असते, १जीई १एफई असं लिहिलेलं असेल तर एकच पोर्ट गिगाबिट, दुसरं १०० चं, वायर कुठल्यात आहे ते बघा. अर्थात लॅगशी, म्हणजे गेममधल्या झटक्यांशी, याचा संबंध कमी, डाउनलोडशी जास्त, १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतो.

वायफाय का वायर, तर वायर, त्यात वाद नको. कॅट५ई ची वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. चोपडा, अमळनेरकडे अजून जुनी धाब्याची घरं आहेत, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार वाटतात पण ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यात मरतं. शिवाय २०१३ चा पहिला पीएसफोर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, २०१६ च्या स्लिम आणि प्रोपासून ५ आलं, म्हणजे जुना पीएसफोर असेल तर वायफाय ६ चा राउटर घेऊन त्याला काहीच फरक पडत नाही. पीएसफाइव्ह वायफाय ६ वापरतो. निनटेंडो स्विचच्या पहिल्या डॉकला लॅन पोर्टच नव्हतं, यूएसबीचा अडॅप्टर लावायला लागतो, ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे.

आणि आपल्याकडचा एक खास मुद्दा, जो त्या अमेरिकन व्हिडिओत कोणी सांगणार नाही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि जळगाव-भुसावळात मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली भिंतीला खिळ्यावर टांगलेला डबा दुपारी हात लावू देत नाही. दुपारीच नेट तुटतं, रात्री बरं चालतं, अशी तक्रार असेल तर नवीन काही घ्यायच्या आधी डबा खाली उघड्या जागी आणा, टीव्हीमागे सेट टॉप बॉक्सवर ठेवू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या झटक्यातही दोन्ही डबे बंद पडतात आणि परत जोडायला दोनेक मिनिटं जातात, रँक मॅच तिथेच गेली. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण ओएनयू आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही पुरेल असा घ्या, आणि अडॅप्टरवरचं लेबल वाचून घ्या, काही छोट्या राउटरला ९ व्होल्ट लागतात.