सहज की सुगम? पगारासोबत द्राक्षबाग असेल तर आधी हे तपासा

सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी आणि निफाड-दिंडोरीकडे वडिलोपार्जित बाग, हे नाशिकमध्ये घरोघरी दिसतं. फॉर्म 16 (मालकाने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात आला की सवयीने आयकर रिटर्नचा फॉर्म आयटीआर-1, म्हणजे ‘सहज’, भरला जातो. ‘शेती करमुक्त, मग दाखवायची कशाला?’ हा समज महागात पडतो. खर्च वजा जाता शेतीचं उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांच्या वर गेलं, की सहज चालत नाही आणि आयटीआर-4, म्हणजे ‘सुगम’ही नाही. पगारदाराने आयटीआर-2 भरायचा. दुकान-धंदा असेल तर आयटीआर-3.

शेतीवर थेट कर नाही हे खरंच. पण बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपुढे असेल तर कराचा दर ठरवताना शेतीची रक्कम त्यात मिळवतात आणि पगारावरचा कर वाढू शकतो. निव्वळ शेती उत्पन्न 5 लाखांपुढे असेल तर जिल्हा, पिनकोड, एकरात क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं. रिटर्नला कागद जोडायचे नसतात. तरी सातबारा, खत-औषधांची बिलं, मजुरीची नोंद आणि व्यापाऱ्याची पट्टी जपून ठेवा. विचारणा झाली तर तीच लागतात.

शेती नसेल तर काम सोपं. कर निर्धारण वर्ष 2025-26 साठी, म्हणजे 2024-25 मधल्या उत्पन्नासाठी, सहज चालत होता तो 50 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला: पगार किंवा पेन्शन, एक घर, व्याज, आणि शेअर-म्युच्युअल फंडाचा कलम 112A खालचा 1.25 लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा. अल्पकालीन नफा एक रुपया असला तरी सहज बाद. सुगम आयकर कायद्याच्या कलम 44AD (छोटा धंदा), 44ADA (व्यावसायिक सेवा), 44AE (मालवाहतूक) खाली, ठरावीक दराने अंदाजित नफा दाखवणाऱ्यांसाठी. उत्पन्नाची मर्यादा तीच. कंपनीचे संचालक, अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर किंवा परदेशी मालमत्ता असलेले, दोन्हींतून बाहेर.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी 26AS, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, नीट बघावा. टीडीएस कलम 192 (पगार) ऐवजी 194J (व्यावसायिक फी) खाली कापला असेल, तर ती रक्कम पगार म्हणून सहजमध्ये टाकू नका. अशा तफावतीवरून कलम 139(9) ची, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची, नोटीस येऊ शकते. दुरुस्तीला 15 दिवस मिळतात. ते वाया घालवले तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. चूक आधीच लक्षात आली तर मुदतीत (कर निर्धारण वर्ष 2025-26 साठी ती 31 डिसेंबर 2025 होती) योग्य फॉर्मवर सुधारित रिटर्न भरा आणि 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा.